रोजच्या चार किलोमीटरचं काय?

प्रति,
मोठ्या मोटारसायकली बनवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक, अभियंते आणि आमच्या गावांतले त्यांचे शोरूमचालक यांस,



पत्रास कारण की, आपण ज्या गाड्या लडाख आणि स्पितीच्या चित्रांसह विकता, त्या आमच्याकडे रोज कुठे जातात हे आपल्याला कुणीतरी नीट सांगायला हवं. माझी गाडी सकाळी अमरावतीच्या साईनगरहून निघते, राजापेठ ओलांडते आणि चार किलोमीटरवर राजकमल चौकाजवळच्या कार्यालयाच्या आवारात दिवसभर उभी राहते. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. मध्येच इतवाऱ्यातून भाजी, जवाहर गेटमधून किराणा, कुणी इर्विन रुग्णालयात भरती असेल तर डबा. अकोल्यातही हेच चित्र आहे. गोरक्षण रोडवरून गांधी चौक, डाबकी रोडवरून स्टेशन, जठारपेठेतून मुलांच्या शिकवण्या. जवळपास दोनशे किलोची, लांब पल्ल्यासाठी घडवलेली गाडी आणि तिच्या वाट्याला दोन-चार किलोमीटरच्या खेपा. वऱ्हाडातल्या हजारो गाड्यांचं आयुष्य असंच चाललं आहे.

यावर मिळणारं उत्तर मला पाठ आहे. "साहेब, मग स्कूटर घ्यायची होती." आपल्या शोरूममध्ये ते ऐकलं, मित्रांकडून ऐकलं, घरातही ऐकलं. पण वस्तुस्थिती बघा. आई-वडील अकोल्याला असतात. सुटी आली की शंभरेक किलोमीटरचा रस्ता असतो, आणि तोही आता असा की त्यावर मोठी गाडीच शोभावी. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून, बाजूच्या वाऱ्यात, मागे माणूस बसवून जायचं तर हलक्या गाडीचा जीव कासावीस होतो. पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असतो. दर्यापूरकडे शेत आहे, आणि काळ्या मातीच्या पांदणीत लहान चाकांची स्कूटर पहिल्या पावसातच रुतते. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे, म्हणजे आमचं येणं-जाणं जुन्याच रस्त्यांवर. शहर बसवर भिस्त ठेवून नोकरी होत नाही. दोन गाड्या ठेवायला अंगण नाही आणि दोन हप्ते भरायला पगार नाही. म्हणून एकच गाडी घेतली, आणि ती मोठी घेतली. पूर्ण विचार करून घेतलेला हा निर्णय आहे आणि आजही मला तो बरोबरच वाटतो.

शिवाय असे ग्राहक आता वाढणार आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के झाला. 350 ची गाडी आता कित्येक घरांतली पहिली आणि एकुलती एक गाडी होईल. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, मेडिकल दुकानदाराच्या घरची. तिच्यावर हिमालयात जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, बाजारात जाणारे सगळेच.

एक काळ असा होता की वऱ्हाडात बुलेट म्हणजे पाटील नाहीतर फौजदार. 1955 साली मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला तिच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली, आणि पुढे राजदूत, येझदी आल्या. पण त्या काळचा वापर बघा. खेड्यातून तालुक्याला पंधरा-वीस किलोमीटर जायचं, काम उरकून तेवढंच परतायचं. दूधवाल्याच्या राजदूतला रोज तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा पडायचा. इंजिन पुरतं तापायचं, ऑइल मोकळं व्हायचं, डायनॅमो बॅटरी भरायचा. गाडीचा स्वभाव आणि माणसाचा वापर यांचा मेळ होता. आता वापर बदलला, गाडीही बदलली, पण दोघांचा मेळ घालायचं काम कुणी हाती घेतलं नाही. ते काम आपलं आहे.

पहिली तक्रार इंजिन ऑइलची. ती मी सविस्तर मांडतो, कारण आपल्या विक्रेत्यांपैकी एकानेही ती गिऱ्हाइकाला समजावलेली मी ऐकली नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तितकंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन अर्धा-पाऊण तास चाललं, ऑइल चांगलं तापलं, की हे पाणी पुन्हा वाफ होऊन ब्रीदरवाटे निघून जातं. चार किलोमीटरमध्ये तसं होत नाही. सिलिंडर लवकर तापतो, ऑइल मागे राहतं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातही कूलंट आधी तापतं, ऑइल नंतर. उन्हाळ्यात आमच्याकडे हा प्रश्न फारसा जाणवत नाही. पण जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत आणि डिसेंबरच्या थंडीत दोन महिने अशी गाडी चालवून बघा. आमच्या मिस्त्रीने एकदा श्रावणात ऑइलचं झाकण काढून माझ्या तळहातावर ठेवलं. आतल्या बाजूला ताकासारखा पांढरट, चिकट थर होता. त्याने तो बोटाने पुसला आणि म्हणाला, "भाऊ, इले पयवा लागते. नुस्ती चौकातून चौकात फिरवसान, त हे आजारीच पडन." मग सायलेन्सरच्या खालच्या वाकणावर टिचकी मारून आवाज ऐकवला. तिथेही पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजतो.

आता आपलं सर्व्हिसिंगचं वेळापत्रक घ्या. पहिली 500 किलोमीटरला, ते ठीक. पुढे ऑइल बदलण्याचं अंतर आपण वाढवत नेलं आहे. काही गाड्यांत ते 10 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते. महामार्गावर चालणाऱ्या गाडीला ते योग्यच असेल. पण रोज आठ किलोमीटर चालणारी गाडी महिन्याला दोनशेच्या आसपास धावते. वर्षभरात शेकडो वेळा ती गार इंजिनावर सुरू होते आणि पुरती तापण्याआधी बंद होते. किलोमीटरचा आकडा बघून तिची झीज कळत नाही. चारचाकींच्या कित्येक पुस्तिकांत कठोर वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, आणि सतत थोडं-थोडं अंतर जाणं त्यातच मोडतं. दुचाकीच्या पुस्तिकेत धुळीच्या भागात एअर फिल्टर लवकर बदला, एवढ्यावर बोळवण होते.

माझी मागणी साधी आहे. थोड्या अंतराच्या वापरासाठी वेगळं वेळापत्रक छापा, आणि ते महिन्यांवर आधारलेलं असू द्या. शिवाय आजकालच्या गाडीतला संगणक इंजिनाचं तापमान क्षणोक्षणी मोजतोच. मोबाइलला जोडणारे, नकाशा दाखवणारे मीटर आपण बसवता. मग इंजिन किती वेळा तापण्याआधीच बंद झालं हेही त्याला मोजू द्या आणि वेळ आली की मीटरवर सांगू द्या: आज गाडी बडनेऱ्याच्या पुढे वीस किलोमीटर नेऊन आणा. यासाठी नवा भाग बसवावा लागत नाही, फक्त तसा विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट बॅटरीची. एप्रिल 2017 पासून दुचाकीचा दिवा इंजिनासोबत लागतोच, बंद करायची सोय नाही. पेट्रोलचा पंप विजेवर, स्टार्टर विजेवर. स्टार्टरने खाल्लेली वीज परत भरायला आमचं घर ते कार्यालय हे अंतर कित्येकदा कमी पडतं. त्यात उन्हाळ्यात चौकात थांबलं की पायाला धग लागते म्हणून माणूस इंजिन बंद करतो, हिरवा दिवा लागला की पुन्हा स्टार्टर. असं राजापेठ ते राजकमल दोन-तीनदा होतं. बॅटरी थकते, आणि मग कार्यालय सुटल्यावर संध्याकाळी गाडी नुसती टकटक करते. पूर्वी अशा वेळी किक होती. आपण नव्या गाड्यांमधून ती काढून टाकली. दोनशे किलोची गाडी ढकलून सुरू करायची म्हणजे दोन माणसं लागतात, आणि इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार उतरली असेल तर ढकलूनही काही होत नाही. किक परत आणणं अवघड असेल तर जास्त क्षमतेची बॅटरी द्या, किंवा चार्जिंगचा सॉकेट सीटखाली तयार ठेवा आणि घरी लावायचा चार्जर गाडीसोबत द्या. हजारो रुपयांचे बॉक्स आणि गार्ड विकताना शोरूमला जो उत्साह असतो, त्यातला थोडा इथे दिसावा.

तिसरी तक्रार उन्हाची, आणि हिला आमच्याकडे पर्याय नाही. मे 2024 च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 लावावं लागलं. गाडी सुरू होण्याआधीच टाकी हात लावू देत नाही, सीटवर फडकं टाकून बसावं लागतं. हवेने थंड होणारं इंजिन चालत्या गाडीवरच्या वाऱ्याच्या भरवशावर असतं. इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात दुपारी दोन वाजता तो वारा कुठून येणार? आणि पाण्याने थंड होणाऱ्या गाडीचा पंखा सुरू झाला की रेडिएटरची सगळी गरम हवा थेट मांडीवर आणि नडगीवर येते. सुती पँटमधून चटका जाणवतो. मागे बसलेल्या बाईच्या पायाशी सायलेन्सर असतो, त्याची पट्टी पुरेशी लांब नसते. लेहच्या थंडीत, खारदुंगलाच्या विरळ हवेत गाडी कशी चालते हे आपण अभिमानाने सांगता. तो अभिमान रास्त आहे. पण 45 अंशांत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, अर्ध्या तासात चार किलोमीटर, अशी चाचणी आपण घेतली असेल तर तिचे आकडे जाहीर करा. घेतली नसेल तर मे महिन्यात अकोल्याला या. गरम हवा पायांपासून दूर वळवणारी पन्हळ, सायलेन्सरवर लांब जाळी, सिग्नलवर उभं असताना गिअर सहज न्यूट्रलला येईल असा क्लच, एवढ्या तीन गोष्टी जरी त्या चाचणीतून निघाल्या तरी विदर्भच काय, मराठवाडा आणि खानदेशही आपला आभारी राहील.

वजनाबद्दल मी जास्त बोलत नाही. पोलाद लागतं, चेसिस भक्कम हवी, आणि महामार्गावर हेच वजन आधार देतं. पण थांबलेल्या गाडीचा विचार वेगळा करा. मे महिन्यात दुपारी डांबर मऊ होतं आणि साइड स्टँडचं निमुळतं टोक त्यात हळूहळू उतरत जातं. संध्याकाळी येऊन बघावं तर गाडी कलंडायला आलेली. इतवाऱ्यात गाडी लावणारे म्हणून फरशीचा तुकडा शोधत फिरतात. पावसाळ्यात शेताच्या बांधावर काळ्या मातीत तेच. स्टँडच्या टोकाला तळहाताएवढी रुंद चकती कारखान्यातूनच बसवून द्यायला किती खर्च येईल? आपण ती वेगळी विकता, आणि तीसुद्धा लडाखच्या वाळूसाठी म्हणून!

आणि साडी गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 123 प्रमाणे मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण आणि मागे बसणाऱ्याला धरायला आधार असायलाच हवा. गाडी मिळते तेव्हा हे दोन्ही असतं. पण ते इतकं बेढब आणि तकलादू असतं की घेणारा पोरगा पहिल्याच आठवड्यात काढून टाकतो, कधी कधी शोरूमच्याच कामगाराकडून. त्याच गाडीवर पुढे आई अंबादेवीला जाते, बहीण परीक्षेला जाते. ओढणी आणि पदर चाकात जाऊन झालेल्या अपघातांच्या बातम्या आमच्या गावांत नव्या नाहीत. गाडीच्या रेषेत बसणारं, देखणं, काढावंसंच वाटणार नाही असं गार्ड बनवणं आपल्या रचनाकारांना अशक्य नाही. टाकीचा एक रंग ठरवायला आपण महिनोन्‌महिने घालवता. हे काम त्याहून मोठं आहे. शोरूमवाल्यांना वेगळं सांगतो, गार्ड काढून मागणाऱ्याला नाही म्हणा. कायदा आपल्या बाजूने आहे.

असंच स्पष्ट 'नाही' सायलेन्सर बदलून मागणाऱ्यालाही ऐकायला मिळावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने गाडीत असे फेरफार करायला बंदी आहे. पोलीस अधूनमधून मोहीम काढतात, जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतात, आठ दिवस शांतता राहते. इर्विनच्या भिंतीला लागून, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयाच्या फाटकासमोरून रात्री अकरा वाजता फटाके फोडत जाणारी गाडी ऐकली की मला त्या पोराआधी त्याला तो सायलेन्सर बसवून देणाऱ्याचा राग येतो. बाहेरच्या दुकानांवर आपला ताबा नाही, मान्य. पण असा सायलेन्सर लावलेली गाडी सर्व्हिसिंगला आली तर मूळ सायलेन्सर परत बसवल्याशिवाय काम करणार नाही, एवढा नियम आपण आपल्या कार्यशाळेत करू शकता. मोठी गाडी चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती तेव्हाच बदलेल.

आता शोरूमचालकांशी दोन शब्द, कारण वर लिहिलेलं सगळं कारखान्यापर्यंत पोहोचायला वेळ लागेल, आपल्या हातातलं मात्र उद्यापासून होऊ शकतं. चाचणीसाठी गाडी देताना आपण गिऱ्हाइकाला सकाळच्या वेळी बायपासवर पाठवता. मोकळा रस्ता, गार वारा, पाचवा गिअर. गाडी कुणालाही आवडेल. त्याऐवजी दुपारी, मागे घरचं माणूस बसवून, जयस्तंभ चौकातून जवाहर गेटपर्यंत जाऊन यायला सांगा. गर्दीत गाडी रांगेतून मागे ओढून बाहेर काढायला सांगा. ठेंगण्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघा, सीट खाली करता येत असेल तर ती तेव्हाच करून द्या. एखाददुसरं गिऱ्हाईक परत जाईल. जे राहील ते गाडी कुरकुर न करता सांभाळेल आणि आपल्याकडेच सर्व्हिसिंगला येईल.

गाडीसोबत नियमाप्रमाणे द्यायचं हेल्मेट असं द्या की माणूस ते चार किलोमीटरसाठीही घालेल. चिखलदऱ्याला जाताना हेल्मेट, जाकीट, हातमोजे घालणारी मंडळी राजकमलला जाताना बोडकी जातात. जड, कोंदट, कानाशी आवळणारं हेल्मेट आमच्या उन्हात कपाटावरच पडून राहतं. हवा खेळणारं, हलकं, प्रमाणित हेल्मेट मागा. कंपनी देत नसेल तर आपण तिच्याशी भांडा.

आणि पुस्तिका मराठीत द्या. गुळगुळीत कागद नको, चित्रं कमी चालतील. साखळीला ऑइल कधी, टायरमध्ये एकटा असताना हवा किती आणि दोघं असताना किती, कूलंट कुठल्या रेषेपर्यंत, बॅटरी उतरली तर काय करायचं, गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर काय करायचं, हे आमच्या भाषेत लिहा. मूर्तिजापूर, अंजनगाव, अकोट, बार्शीटाकळीच्या मिस्त्रींना वर्षातून एकदा बोलावून नव्या इंजिनाचं प्रशिक्षण द्या. ते अधिकृत नाहीत म्हणून आपण त्यांच्याकडे पाठ फिरवता, पण गाडी रस्त्यात बंद पडली की आम्ही त्यांच्याच दारात जातो. त्यांच्या हातात कसब आहे, आपल्या यंत्राची माहिती नाही. ती लपवून आपला काय फायदा होतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

या सगळ्या मागण्यांमागे एकच आग्रह आहे. माझी गाडी मला मनापासून आवडते. अकोल्याहून परत येताना मूर्तिजापूर मागे पडल्यावर ती ज्या ठेक्याने चालते, तिचं वजन जसं रस्त्याला धरून राहतं, ते बनवणाऱ्यांच्या हातांबद्दल मला आदर आहे. तोच हात त्यांनी तिच्या सोमवार ते शुक्रवारच्या आयुष्यावरूनही फिरवावा. सुटीतला प्रवास गाडी आनंदाने करते, झिजते ती रोजच्या चार किलोमीटरमध्ये.

आपल्या उत्तराची वाट पाहतो. एखादा अभियंता खरंच पाठवणार असाल तर 10 ते 25 मे या दिवसांत पाठवा. राहायची सोय आम्ही करू. गाडी त्याने आपली आणावी, सकाळी नऊला आणि दुपारी दोनला साईनगर ते राजकमल मी त्याच्या मागच्या सीटवर बसेन.

आपला,
एक ग्राहक
साईनगर, अमरावती